महुड्याखालची झाडलेली जागा

मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. पन्नाशीला आलो तरी जिन्यातला दिवा गेला की मी खालीच उभा राहून वर हाक मारतो. बायको दार उघडते, उजेडाचा पट्टा पायऱ्यांवर पडतो, मग मी चढतो. बडोद्यात गोत्रीच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं मला आता काही वाटत नाही. एके काळी फार वाटायचं. त्या वाटण्यापायीच सगळं झालं.

कालपासून माझ्या टेबलावर एक रुमाल आहे. त्यात सात फुलं बांधली आहेत. फुलं म्हणायची आपली. दिसायला सोललेल्या द्राक्षासारखी, गुबगुबीत, पाकळ्या अशा काही नाहीतच. काल सकाळी उचलली तेव्हा पिवळट पांढरी होती. आज तपकिरी पडली आणि वास सुटला. गुळाच्या ढेपेमागे उंदीर राहून गेला असावा तसा वास, गोड आणि अंगावर येणारा. बायकोनं दोनदा विचारलं, हे काय आणून ठेवलंय. मी म्हटलं, महुडा. महाराष्ट्रात याला मोह म्हणतात, आम्हा बडोदेकरांच्या तोंडी महुडाच. ती म्हणाली, मग बाल्कनीत ठेवा. मी ठेवला नाही.

काल बोडेलीला एका कामासाठी गेलो होतो. जाताना जांबुघोड्याचा रस्ता घेतला. का घेतला, ते मला विचारू नका. चैत्र आहे, सागाची पानं गळून गेलेली, लांबपर्यंत जंगलातलं सगळं दिसत होतं. एका वळणावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी लावली, पाऊलवाटेनं पाच मिनिटं आत चाललो, आणि ते झाड होतं. तसंच. बुंध्याभोवती मोठं गोल अंगण, एक पान नाही, काडी नाही, आरशासारखं झाडून ठेवलेलं. कडेनं काळी राख. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लखलखीत होतं, रस्त्यावरून ट्रकचा आवाज येत होता, आणि माझ्या पाठीतून घाम उतरला. कडेला राहिलेली सात फुलं उचलून मी जवळजवळ पळत गाडीपाशी आलो.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्या अंगणात एक रात्र काढली. बरोबर मान्या होता.

मान्या म्हणजे मानसिंग. बडोद्याच्या वाडी भागात राहायचा, अजून तिथंच राहतो. आम्ही प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधले. माझे बाबा लोकोशेडमध्ये फिटर, जळगावकडून बदली होऊन आलेले. मान्याचं घराणं मात्र चार पिढ्यांचं बडोद्याचं. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. वाडीतल्या त्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोनच खोल्या, पण बाहेरच्या खोलीत भिंतीवर तलवार. तिच्याखाली एक हिंचका, म्हणजे झोपाळा, आणि हिंचक्यावर मान्याचे वडील, आबासाहेब. वीज मंडळात कारकून होते. पण बसायचे असे की वाटावं, खाली घोडा बांधलाय.

त्या घरात एक रीत होती. ‘भीती’ हा शब्द उच्चारायचा नाही. पाल अंगावर पडो, परीक्षेचा निकाल असो, दंगलीत खाली गल्लीत धावपळ चालू असो, भीती वाटते असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘मी सावध आहे.’ मान्याची धाकटी बहीण अंधारात मोरीत जाताना रडत रडत ओरडायची, मी सावध आहे, मी सावध आहे. आम्ही हसायचो. मला मनातून वाटायचं, आपल्यालाही असं एखादं घर असतं तर आपणही सुधारलो असतो. आमच्याकडे आई स्वतःच वीज चमकली की पलंगाखाली मला घेऊन बसायची.

मान्या मला कधी भित्रा म्हणाला नाही. शाळेपासून तो कुत्र्यांच्या बाजूनं चालायचा. म्हणजे गल्लीत ज्या बाजूला कुत्री बसलेली असतील ती बाजू त्याची. न बोलता, सहज जागा बदलायचा. मलासुद्धा कित्येक वर्षांनी कळलं की तो हे मुद्दाम करतो.

त्या वर्षी आम्ही एकवीस-बावीसचे. मान्या सैन्यभरतीची तयारी करत होता. पहाटे पोलो ग्राउंडवर धावायचा, मी ओट्यावर बसून घड्याळ बघायचो. त्याचा घाम, ओल्या गवताचा वास, बाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उकळणाऱ्या आल्याच्या चहाचा वास, आणि कॅनव्हासच्या बुटांचा थप थप आवाज. आज एवढं सगळं विसरलो, पण ते थप थप अजून कानात आहे. दुसऱ्या फेरीला तो माझ्यासमोरून जाताना बोट वर करायचा, म्हणजे एक राहिली.

चैत्रात बोडेलीला आमच्या एका वर्गमित्राचं लग्न होतं. मान्याच्या स्कूटरवरून गेलो. दुपारी जेवलो, लग्नघरच्यांनी लाडू आणि पुऱ्या डब्यात घालून दिल्या. आईसाहेबांनी, म्हणजे मान्याच्या आईनं, बोडेलीच्या बाजारातून एक चादर आणायला सांगितली होती, जाड, निळ्या चौकड्यांची, ती घेतली. आणि परत निघताना डभोईचा सरळ रस्ता सोडून मान्यानं स्कूटर जांबुघोड्याकडे वळवली. केसुड्याची, म्हणजे पळसाची, शेवटची फुलं झाडांवर होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. वारा गरम होता आणि त्याला कसला तरी गोड वास येत होता. तो वास घेत घेत मान्या स्कूटर हळू करत गेला, आणि सूर्य टेकलेला असताना थांबलाच.

गुजराती ढंगात म्हणाला, “अल्या, आज इथंच राहायचं.”

मला वाटलं, गंमत करतोय. तो उतरून आत चालायलाही लागला. स्कूटर ढकलत, पाऊलवाटेनं. मी मागून म्हणत होतो, घरी सांगितलं नाही, रात्र होईल, इथं जनावरं असतात. तो म्हणाला, “भरती झाल्यावर कुठं कुठं झोपावं लागणार, मला एकदा बघू दे ने.”  एकट्यानं रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा त्याच्या मागे जाणं बरं, एवढाच हिशेब मी केला.

आणि मग ते अंगण लागलं. सगळ्या जंगलात गुडघाभर पाचोळा, पाऊल टाकलं की चर्र वाजायचा, आणि मध्येच हे गोल, स्वच्छ, झाडलेलं. मान्या खूश. बघ, आपल्यासाठी कुणी तरी झाडून ठेवलंय. त्यानं निळी चादर काढली आणि बुंध्यापाशी अंथरली.

मी मात्र चारी बाजूंना पाहिलं. आजूबाजूला घर नाही, झोपडी नाही, चूल नाही. मग झाडलं कुणी? जंगल कोण झाडतं? मी झाडाभोवती फिरून शेंदूर लावलेला दगड शोधला. देवाची जागा असेल तर नमस्कार करून उठता तरी येईल. दगड नव्हता. दगड नव्हता हे जास्त वाईट होतं. कडेनं राख होती, पाचोळा जाळल्याची. मी मान्याला म्हटलं, ही कुणाची तरी जागा आहे. तो म्हणाला, “जागा कुणाची तरी असतेच. सकाळी उठून जाऊ.”

आम्ही अगदी अडाणी, बडोद्याचे. महुड्याखाली का झाडतात, ते आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

लाडू खाल्ले. अंधार पडला. शहरातला अंधार मला ठाऊक होता, त्यात कुठं तरी एक खिडकी असते. इथं नव्हती. आधी झाडं गेली, मग स्कूटर गेली, मग मान्याचं तोंड गेलं, त्याचा फक्त आवाज राहिला. आमच्याकडे एक टॉर्च होता, स्कूटरच्या डिकीतला, त्यानं दोनदा पिवळा उजेड दिला आणि मान टाकली. दूर कसलं तरी पाखरू एकाच सुरात टक टक टक करत होतं, जणू कुणी दार ठोकतंय. ते थांबलं की मी श्वास धरायचो. परत सुरू झालं की सोडायचो.

मध्यरात्रीनंतर पहिला खडा पडला. टप.

मी उठून बसलो. मान्यालाही जाग होती. मग दुसरा, चादरीच्या कोपऱ्यावर. मग स्कूटरच्या पत्र्यावर, टण्. मग माझ्या मागे. कुणी तरी आमच्यावर खडे मारत होतं. सगळ्या बाजूंनी. घाई नाही, राग नाही, एक मारायचा, थांबायचा, आम्ही काय करतो ते बघायचा, मग दुसरा. मी मान्याचा हात धरला. म्हटलं, माणसं आहेत. तो म्हणाला, “असू देत. गप पडून राहा.” त्याचा हात कोरडा होता, माझा भिजला होता. मी म्हटलं, चल, स्कूटर काढ, जाऊ. तो म्हणाला, अंधारात ओढ्यात पडू, उजाडेपर्यंत हलायचं नाही.

मग एक माझ्या मानेवर पडला. गार. ओला. मऊ. शर्टाच्या आत घरंगळत गेला. मी काय ओरडलो ते आठवत नाही. आई गं म्हणालो असेन, दुसरं काय म्हणणार. आणि तेव्हाच माझी पँट ओली झाली. बावीस वर्षांचा घोडा. इतकं गरम, इतका वेळ, मला थांबवता येईना. मी रडायला लागलो.

मान्यानं ओळखलं असणारच.  हात मात्र सोडला नाही. आणि तो बोलत राहिला, हळू आवाजात, पहाटेपर्यंत, मी गप्प बसावं म्हणून. शाळेचं, गल्लीचं, बहिणीच्या लग्नाचं. मध्येच म्हणाला, “एक सांगू? आमची तलवार म्यानातून निघत नाही. गंजून बसलीय. आबासाहेब दसऱ्याला म्यानालाच हळदकुंकू लावतात. माझ्या जन्मापासून तिचं पातं कुणी पाहिलेलं नाही.” मी रडता रडता हसलो. मग तो म्हणाला, “मी पण भ्यालोय रे. तू निदान ओरडू शकतोस.”

त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नंतर कधी ऐकला नाही. म्हणजे, आज सकाळपर्यंत नाही म्हणणार होतो. ते पुढे येईलच.

पहाटेच्या आधी ते आलं. अंगणाच्या कडेला पाचोळा वाजला, जड, आणि मग झाडलेल्या जागेवर आल्यामुळे वाजायचा थांबला. हे फार भयंकर होतं, आवाज थांबणं. मग चपचप. काही तरी खात होतं. धापा टाकल्यासारखा श्वास, घोगरा, आणि मध्येच नाकानं जोरात ओढल्याचा आवाज. ओल्या कांबळ्याचा वास आला. ते खात खात जवळ येत होतं.  मान्याची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, तिथं नंतर चार दिवस निळे वण होते. चादरीच्या कडेपाशी तो श्वास आला, थांबला. आता, असं मला वाटलं. आता. मग ते वळलं. पाचोळा पुन्हा वाजायला लागला, आणि लांब गेला. मला तो चर्र आवाज इतका गोड कधीच वाटला नव्हता.

फटफटलं तेव्हा दिसलं. सगळ्या अंगणभर, आमच्या चादरीवर, स्कूटरच्या सीटवर, माझ्या मांडीवर, पिवळट पांढरी फुलं. हजारो. आणि अजून पडत होती, टप, टप. एवढंच होतं ते. आम्ही वर पाहिलं. जवळजवळ निष्पर्ण झाड, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस, आणि एकेक सुटून खाली येत होतं. आयुष्यात इतकी सुंदर सकाळ मी पाहिलेली नाही, आणि मला तिच्याकडे नीट बघवलंही नाही, कारण पाऊलवाटेवर बोलणं ऐकू आलं. माणसं येत होती, आणि मी तसा बसलो होतो.

मी मान्याकडे पाहिलं. त्यानं पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, आणि माझ्या मांडीवर ओतली. मग उरलेली स्वतःच्या मांडीवर ओतली. रिकामी बाटली चादरीवर आडवी टाकून दिली. आलेल्या बाईला सांगितलं, पाणी सांडलं.

ती राठवा आदिवासी बाई होती, साठीची, बरोबर सून आणि दोन टोपल्या. आम्हाला पाहून ती आधी थबकली, मग चादरीकडे पाहून कळवळली. आम्ही नेमके तिच्या फुलांवर झोपलो होतो. तिनं सांगितलं, हे झाड आमच्या घराचं. प्रत्येक झाड कुणाच्या ना कुणाच्या घराचं असतं. फूल मातीत, पाचोळ्यात मिसळू नये म्हणून आम्ही चैत्राआधी खालचं जाळतो, झाडतो. झाडलेली जागा म्हणजे तिथं कुणी पाय ठेवू नये. मग कडेचे ठसे दाखवून म्हणाली, रींछ होतं. रोज येतं, त्याचा वाटा खातं, जातं. तुमच्यापाशी येऊन फिरलं, बघा. हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू शेजारचा कुणी दही मागायला येऊन गेला. रींछ म्हणजे अस्वल. मी स्कूटरकडे सरकलो.

मान्या मात्र वाकला. चादर उचलून बाजूला केली, खाली चिरडलेली फुलं निवडली, आणि मग दोघींच्या बरोबरीनं फुलं वेचत राहिला, ऊन डोक्यावर येईपर्यंत. ओल्या पँटनं. मी स्कूटरपाशी उभा होतो. निघताना बाई म्हणाली, पुन्हा आलात तर घरी या, विचारून या, झाड कुठं जात नाही. चादरीवर तपकिरी डाग पडले होते. ते कधी गेले नाहीत, असं ऐकलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं.

त्याच वर्षीचा दसरा. वाडीत सकाळपासून फाफडा-जिलबीच्या कढया, जिन्यात झेंडूचा ढीग, वर खोलीत तिळाच्या तेलाचा आणि उदबत्तीचा वास. तलवार भिंतीवरून काढून पाटावर ठेवलेली, लाल कपड्यावर. त्या दसऱ्याला पूजा पहिल्यांदा मान्या करणार होता. दोन महिन्यांनी भरती होती. नवा फेटा, हातात हळदकुंकवाची थाळी, सगळे नातेवाईक दाटीवाटीनं बसलेले. मुहूर्ताला वेळ होता. कुणी तरी म्हणालं, ती जंगलातली गंमत सांग ने.

मी सांगायला लागलो. मला गोष्ट सांगता येते, हे माझं दुर्दैव. खडे कसे पडले ते सांगितलं, अस्वल कसं आलं ते सांगितलं. लोक हसत होते, माझ्याकडे बघत होते. मान्याची बहीणही बघत होती, तेव्हा मला त्याचं फार अप्रूप होतं. आबासाहेब हिंचक्यावरून खळखळून हसले आणि म्हणाले, “मग दोघांत भ्यालं कोण जास्त?”

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांना उत्तर माहीतच होतं, आणि माझं तोंड म्हणालं, “मान्या. त्याची तर पँट ओली झाली.”

हसू फुटलं. केवढं हसू. मी मान्याकडे पाहिलं. आता तो सांगणार, आणि मग मी मरणार, असं मला वाटलं. तो नुसता थाळी हातात घेऊन उभा होता, त्या थाळीतलं निरांजन हलत होतं. आबासाहेबही हसले, पण लवकर थांबले. मग उठले, मान्याच्या हातातली थाळी घेतली, आणि त्याच्या चुलतभावाला दिली. रागानं नाही. फक्त म्हणाले, “तू बस जरा.”

पूजा झाली. मान्यानं स्वतः मला फाफडा-जिलबीची बशी आणून दिली. सगळ्यांना आपट्याची पानं दिली, गळाभेटी घेतल्या. मला सोनं दिलं नाही. मीही मागितलं नाही. 

भरतीला तो गेला नाही. पोलो ग्राउंडवर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावर घड्याळ घेऊन बसलो होतो. उजाडलं, लारीवाल्यानं चहा उकळला, थप थप काही आलं नाही. मग मीही जायचं सोडलं. तलवारीचं गुपित मात्र मी कुणाला सांगितलं नाही. एवढंच काय ते माझं इमान. बाकी वाडीत जाणं बंद झालं. मंगळबाजारात काम असलं की लांबच्या रस्त्यानं जायचो. मान्याचं विजेच्या सामानाचं दुकान झालं, बहिणीचं लग्न झालं, आईसाहेब गेल्या, हे सगळं दुसऱ्यांकडून कळलं. आईसाहेबांच्या वेळी तरी जायला हवं होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आणि परत आलो. त्या रात्री अस्वल निदान चादरीपर्यंत आलं होतं.

आज सकाळी रुमाल खिशात घातला आणि गेलो.

गल्ली तीच, दोन्हीकडे दुकानं वाढलेली. जिन्यात दिवा नव्हता. मी खाली उभा राहिलो. हाक मारायला कुणाचं नाव घेणार? सत्तावीस वर्षं ज्याला हाक मारली नाही त्याचं?  वरून हिंचक्याची कडी करकरत होती. मी भिंतीला हात लावून चढलो. एकेक पायरी. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात धाडसाचं काम हेच, आणि ते तेरा पायऱ्यांचं आहे.

बाहेरच्या खोलीत आबासाहेब एकटेच होते. नव्वदीला आलेले, अंगावर निळ्या चौकड्यांची चादर. डाग होते.  मी पाया पडलो, नाव सांगितलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, “प्रतापनगरचा. फिटरचा मुलगा.” आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आताच. आता नाही बोललो तर नाही.

म्हटलं, आबासाहेब, त्या रात्री, जंगलात, मी आणि मान्या राहिलो होतो ना...

ते एकदम सावरून बसले. डोळ्यांत काळजी दाटली. “जंगलात आहात? अजून उजाडलं नाही?”

 मी म्हटलं, “नाही.”

“मान्या आहे ना बरोबर?”

“आहे.”

“मग झालं. हात सोडू नकोस त्याचा.”

दसरा त्यांच्यापाशी उरलाच नव्हता. माझं ते वाक्य, लोकांचं हसू, थाळी, सगळं झाडलं गेलं होतं. जे फेडायला मी इतक्या वर्षांनी आलो होतो, ते आठवणारे आता आम्ही दोघंच राहिलो होतो. तरीही मी म्हटलं. मला म्हणायचंच होतं. “आबासाहेब, त्या रात्री मान्या नाही, मी भ्यालो होतो. पँट माझी ओली झाली होती. त्यानं पाणी ओतून मला झाकलं. दसऱ्याला मी खोटं बोललो.”

आबासाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगितलं. “अरे, तू तर लहानपणापासूनच भित्रा. मान्या कशाला भिईल?”

मागे कप वाजला. मान्या दारात उभा होता, हातात चहा. केस पांढरे, पोट सुटलेलं, डोळ्यांवर चष्मा. किती ऐकलं होतं, ठाऊक नाही. त्यानं कप माझ्यासमोर ठेवला आणि नाकानं वास ओढला. मी खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं गाठ सोडली. सात फुलं, तपकिरी, चिकट.

“बाईला विचारून घेतलीस?”

मी म्हटलं, कुणी नव्हतं तिथं. मी उचलून पळालो.

“मग परत नेऊन ठेवायला लागतील. झाड त्यांच्या घराचं आहे.” तो खाली बसला, वडिलांच्या अंगावरची चादर नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “रविवारी जाऊ. पण उजेडी. रात्रीची मला भीती वाटते.”

हे तो चांगलं मोठ्यानं म्हणाला. त्या खोलीत, त्या तलवारीखाली, आबासाहेबांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. हिंचका थांबला. आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

“हो, हो,” ते म्हणाले, “उजेडीच जा दोघं.”